इम्पोर्टेड शिडाच्या बोटीचा पार्ट मिळत नाहीये? मग बोटीचं नाव बाजूला ठेवून शोधायला लागा

एप्रिल २०१८. भारतीय नौदलाच्या सहा महिला अधिकारी 'तारिणी' या शिडाच्या बोटीतून पृथ्वीप्रदक्षिणा करून घरी परतत होत्या. १० सप्टेंबर २०१७ ला त्या गोव्यातून निघाल्या होत्या. ऑस्ट्रेलिया झालं, न्यूझीलंड झालं, दक्षिण अमेरिकेच्या टोकाचं केप हॉर्न झालं. जगातला सगळ्यात खवळलेला समुद्र मागे पडला होता. केपटाऊन सोडल्यावर उरला होता तो गोव्यापर्यंतचा शेवटचा टप्पा.

आणि नेमक्या त्याच टप्प्यात बोटीच्या स्टिअरिंगने मान टाकली. ठरलेल्या मार्गात नसलेल्या मॉरिशसच्या पोर्ट लुईस बंदरात तारिणीला शिरावं लागलं. तिथे दुरुस्ती झाली आणि २१ मे २०१८ ला, २५४ दिवसांनी, तारिणी गोव्याला पोहोचली.

तारिणी गोव्यात बांधलेली बोट. तिच्या पाठीशी अख्खं नौदल उभं होतं. पण समजा, मुंबईतल्या एखाद्या हौशी माणसाने १९८५ सालची ३२ फुटी इंग्लिश बोट विकत घेतलीये. बोट दणकट आहे, किंमतही परवडली. पहिल्याच हंगामात डोलकाठीला धरून ठेवणाऱ्या तारेचा एक टर्नबकल तडकला. इंटरनेटवर बोटीचं नाव टाकून शोधलं तर कळलं की ती बनवणारी कंपनीच बंद पडलीये.

आता काय करायचं? बोट भंगारात काढायची?

अजिबात नाही. तो टर्नबकल बहुतेक आजही मिळतो. फक्त त्या बोटीच्या नावाने मिळत नाही.

बोट गाडीसारखी नसते, फ्लॅटसारखी असते

गाडीचा पार्ट हवा असेल तर आपण मॉडेल आणि वर्ष सांगतो, दुकानदार डबा काढून देतो. त्यामुळे बोटीचंही तसंच असेल असं वाटतं. इथेच पहिली चूक होते.

शिडाची बोट बनवणारी कंपनी साधारणपणे बोटीचा फायबरग्लासचा सांगाडा, वरचा डेक आणि आतलं लाकूडकाम करते. बाकी बहुतेक सगळं बाहेरून विकत घेऊन बसवते. डोलकाठी एका कंपनीची, दोर ओढायचे विंच दुसऱ्या कंपनीचे, इंजिन तिसऱ्या कंपनीचं. खिडक्या, पंप, टॉयलेट, स्टिअरिंग या सगळ्यांचे बनवणारे वेगवेगळे.

फ्लॅटमधला नळ गळायला लागला तर कुणी बिल्डरला फोन करत नाही. नळावरचं नाव बघतं, हार्डवेअरच्या दुकानात जातं, वॉशर घेऊन येतं. बिल्डरने गाशा गुंडाळला असला तरी नळाचं काही अडत नाही.

बोटीचंही तेच आहे. ब्रिटनची वेस्टर्ली ही एकेकाळची मोठी बोट कंपनी २००० साली बंद पडली. अमेरिकेतल्या ओ'डे कंपनीनेही १९८० च्या दशकाच्या शेवटी काम थांबवलं. पण या दोन्ही कंपन्यांच्या बोटी आजही पाण्यात आहेत, कारण त्यांच्यावरचे बहुतेक सुटे भाग या कंपन्यांनी बनवलेलेच नव्हते.

सगळ्यात आधी बोटीची जन्मतारीख काढा

तरीही बोट नेमकी कोणती, कुठल्या साली बनलेली, हे माहिती असावं लागतं. एकाच मॉडेलमध्ये मधल्या वर्षी डोलकाठी बदललेली असते, इंजिन बदललेलं असतं.

यासाठी गाडीच्या चासी नंबरसारखा बोटीलाही एक नंबर असतो. त्याला हल आयडेंटिफिकेशन नंबर म्हणतात. अमेरिकेत १ नोव्हेंबर १९७२ पासून तो सक्तीचा झाला. तिथल्या नंबरात १२ अक्षरं-आकडे असतात आणि पहिली तीन अक्षरं बोट बनवणाऱ्याचा कोड असतात. कोणता कोड कुणाचा, याची यादी अमेरिकेचं तटरक्षक दल ठेवतं. युरोपात असा नंबर १९९८ पासून सक्तीचा झाला आणि त्यात सुरुवातीला देशाची दोन अक्षरं असतात.

हा नंबर शोधायचा बोटीच्या मागच्या उभ्या भिंतीवर, उजव्या बाजूला, वरच्या कडेजवळ. बऱ्याचदा रंगाच्या थराखाली तो बुजलेला असतो. हलकेच पॉलिश पेपर मारला की दिसायला लागतो.

आपल्या उदाहरणातली १९८५ ची इंग्लिश बोट या नियमांच्या आधीची. तिच्यावर असा नंबर नसू शकतो. मग कॉकपिटमधली पितळी किंवा प्लॅस्टिकची पट्टी, शिडावरचा नंबर आणि आधीच्या मालकाची कागदपत्रं यावरून वर्ष काढायचं. बोट विकत घेतानाच जुनी बिलं आणि मॅन्युअल मागून घेतली तर पुढचे कित्येक तास वाचतात.

मग प्रत्येक भागावरचं नाव वाचा

आता वही आणि टॉर्च घेऊन बोटीवर चढायचं.

डोलकाठीच्या पायथ्याला, आडव्या काठीच्या टोकाला किंवा त्यांच्या बिडाच्या टोपणांवर बनवणाऱ्याचं नाव कोरलेलं असतं. स्वीडनची सेल्डेन, फ्रान्सची इझोमॅट, ब्रिटनची केम्प अशी नावं सापडतात. यातली केम्प पुढे सेल्डेनमध्येच सामावली गेली. त्यामुळे केम्पच्या काठीसाठी चौकशी सेल्डेनकडे करायची.

विंचच्या डोक्यावर लुमर, हार्कन, अँडरसन अशी नावं असतात. विंच जुना झाला की सहसा अख्खा बदलावा लागत नाही. आतल्या छोट्या स्प्रिंगा आणि खटके तेवढे झिजतात. त्यांचे सेट वेगळे मिळतात आणि हातानेच बसवता येतात.

इंजिनावर यानमार, व्होल्वो पेंटा, बुख किंवा पर्किन्स असं नाव आणि एका पट्टीवर मॉडेल व सीरियल नंबर असतो. पट्टीचा फोटो काढून ठेवायचा. यानमारच्या जीएम मालिकेसारखी इंजिनं जगभर इतकी विकली गेली की त्यांचे भाग आजही सहज मिळतात. पर्किन्सचं ४-१०८ हे इंजिन तर जमिनीवरच्या यंत्रांतही वापरलं गेलं. त्यामुळे त्याचे काही भाग बोटीच्या दुकानाबाहेरही सापडतात.

इंजिनाला समुद्राचं पाणी खेचून देणारा पंपही वेगळ्याच कंपनीचा असतो. त्यात रबराचं पाकळ्यांचं चाक असतं, त्याला इम्पेलर म्हणतात. त्याच्यावर नंबर असतो. हा भाग लहानसा, पण त्याच्या पाकळ्या तुटल्या की इंजिनाचं पाणी थांबतं आणि ते तापून बंद पडतं. बंदराच्या तोंडाशी, मोठ्या जहाजांच्या वाटेत, वारा पडलेला असताना इंजिन बंद पडणं म्हणजे काय हे मुंबई बंदरात बोट चालवणाऱ्यांना सांगायला नको.

नाव नसेल तर माप घ्या, आणि इथेच सांभाळा

काही भागांवर काहीच लिहिलेलं नसतं. मग व्हर्निअर कॅलिपर लागतो. टेपने मोजून चालत नाही.

कारण अमेरिकन आणि जुन्या ब्रिटिश बोटी इंचात बनलेल्या असतात, फ्रेंच, जर्मन आणि स्वीडिश बोटी मिलिमीटरमध्ये. दोन्ही मापं इतकी जवळ असतात की डोळ्याला फरक कळत नाही.

५/१६ इंची बोल्टची जाडी ७.९४ मिलिमीटर असते. ८ मिलिमीटरच्या बोल्टपेक्षा फक्त ०.०६ मिलिमीटर कमी. पण आट्यांमधलं अंतर वेगळं. इंची बोल्टचं १.४१ मिलिमीटर, मेट्रिक बोल्टचं १.२५. त्यामुळे एकाचा नट दुसऱ्यावर एक-दोन आटे चढतो आणि अडकतो. मग पान्याला जोर लावला की आटे मरतात. कधीकधी ढिला नट सरळ चढतोही, आणि ते जास्त वाईट. कारण तो बसलाय असं वाटतं, पण ताण आला की निसटतो. म्हणून आट्यांचं गेज जवळ ठेवावं. ते स्वस्तात मिळतं.

पिनेचंही तसंच. अर्ध्या इंचाची पिन १२.७ मिलिमीटरची. तिच्या जागी १२ मिलिमीटरची घातली तर आरामात बसते. पण ०.७ मिलिमीटरची ती फट प्रत्येक लाटेला ठोके खाते आणि भोक हळूहळू लांबट होत जातं.

तारेचं बघा. पाव इंची तार म्हणजे ६.३५ मिलिमीटर. तिच्या जागी ६ मिलिमीटरची तार ओढली तर जाडीतला फरक किरकोळ वाटतो. पण तारेची ताकद तिच्या क्षेत्रफळावर ठरते आणि ते साधारण ११ टक्क्यांनी कमी झालेलं असतं.

मापाची एक चांगली बाजूही आहे. बऱ्याच बेअरिंगांची मापं जगभर एकच आहेत. विंडलासच्या किंवा पंपाच्या मोटारीतून निघालेल्या बेअरिंगवर ६२०३ लिहिलेलं असेल तर ते १७ मिलिमीटर आतून, ४० बाहेरून आणि १२ रुंदीचं असणार. मग बोट स्वीडनची असो की अमेरिकेची. बोटीच्या कंपनीकडून मागवायची गरज नाही, बेअरिंगच्या कोणत्याही दुकानात हा नंबर सांगितला की काम होतं. ऑइल सीलवरही आतलं माप, बाहेरचं माप आणि जाडी असे तीन आकडे छापलेले असतात.

कंपनीच बंद झाली असेल तर?

याचे तीन रस्ते आहेत.

पहिला, मालकांच्या संघटना. परदेशात एकेका बोट कंपनीच्या मालकांच्या संघटना असतात. वेस्टर्ली बंद पडली तरी तिच्या मालकांची संघटना चालू राहिली. कोणत्या वर्षी कोणती डोलकाठी बसवली होती, कोणत्या खिडकीला कोणतं रबर लागतं, ही माहिती अशा ठिकाणी मिळते. सदस्यत्वाचे पैसे एका चुकीच्या पार्सलच्या खर्चापेक्षा नक्कीच कमी असतात.

दुसरा, जुन्या सामानावरच जगणारी दुकानं. अमेरिकेत ऱ्होड आयलंडमधलं रिग-राइट हे दुकान जुन्या डोलकाठ्यांच्या भागांसाठी ओळखलं जातं. तिथे काठीचा आडवा छेद मोजून सांगितला की ती कुणाची हे ओळखतात. कॅलिफोर्नियातलं कॅटलिना डायरेक्ट हे फक्त कॅटलिना बोटींच्या भागांसाठी प्रसिद्ध आहे. अशा दुकानांना मेल करताना भागाशेजारी स्केल ठेवून तीन बाजूंनी फोटो काढायचा. आतलं माप, बाहेरचं माप आणि भोकांच्या मध्यांमधलं अंतर लिहायचं. 'माझ्या बोटीला बसेल असा द्या' असं लिहिलं तर उत्तरात उलट दहा प्रश्न येतात.

तिसरा रस्ता आपल्या घराजवळचा. गुजरातमधल्या अलंगला जगभरातली जहाजं तोडायला येतात आणि त्यांच्यावरचं सामान तिथल्या बाजारात विकायला लागतं. मुंबईत रे रोडजवळच्या दारूखान्यातही जहाजतोडणीचा आणि जहाजाच्या सामानाचा जुना बाजार आहे. साखळ्या, नांगर, शॅकल, दोर, पंप, होकायंत्रं तिथे दिसतात. डेन्मार्कच्या बुख कंपनीची छोटी डिझेल इंजिनं शिडाच्या बोटींतही बसवली गेली आणि मोठ्या जहाजांच्या लाइफबोटींतही. त्यामुळे मोडीत निघालेल्या लाइफबोटीचं इंजिन एखाद्या शिडाच्या बोटीला उपयोगी पडू शकतं. फक्त जुन्या शॅकलवर किंवा साखळीवर जीव टांगायचा नाही. तिने आधी किती भार सोसलाय हे कुणालाच सांगता येत नाही.

मुंबईत काय मिळतं, काय बनवून घेता येतं?

बरंच काही. नट-बोल्ट, बेअरिंग, ऑइल सील, पट्टे, होज यांसाठी नागदेवी स्ट्रीट. वायर, स्विच, फ्यूज यांसाठी लोहार चाळ. धातूचे रॉड आणि पत्रे यांसाठी गुलालवाडी. खिडकीची काच तडकली असेल तर जुनी काच नमुना म्हणून देऊन ॲक्रिलिकची नवी कापून घेता येते. कठड्याचे खांब, पायऱ्या, टेबलाचे पाय, पंपाचा शाफ्ट ही कामं चांगला लेथवाला आणि वेल्डर करून देतो.

अडचण कारागिराच्या हाताची नसते. अडचण असते धातूची.

'स्टेनलेस' म्हणजे गंजणार नाही, असं आपण धरून चालतो. पण बाजारात सहज मिळणारं स्टील ३०४ ग्रेडचं असतं. समुद्रासाठी ३१६ लागतं. त्यात २ ते ३ टक्के मॉलिब्डेनम असतं, ते खाऱ्या पाण्यापासून वाचवतं. दोन्ही दिसायला सारखी. चुंबक लावूनही फरक कळत नाही, कारण दोन्हीला तो फारसा चिकटत नाही. म्हणून दुकानदाराकडे त्या मालाचं टेस्ट सर्टिफिकेट मागायचं. देत नसेल तर महत्त्वाच्या कामासाठी तो रॉड घ्यायचा नाही.

दुसरा घोटाळा पितळेचा. बोटीच्या तळाला पाणी आत-बाहेर करणारे व्हॉल्व्ह असतात. ते ब्राँझचे असायला हवेत. तिथे प्लंबिंगच्या दुकानातला पितळी व्हॉल्व्ह बसवला तर आटे जुळतील, पाणीही थांबेल. पण पितळेत जस्त असतं आणि समुद्राचं पाणी ते जस्त खाऊन टाकतं. मागे राहतो तो गुलाबीसर, ठिसूळ तांब्याचा सापळा. एक दिवस हँडल फिरवलं की व्हॉल्व्ह हातात येतो आणि समुद्र बोटीत. जुन्या व्हॉल्व्हला नखाने किंवा सुरीने ओरखडा काढून बघायचा. पिवळ्याऐवजी गुलाबी दिसलं तर तो बदलायची वेळ झालेली आहे.

जुगाड कुठे करायचा नाही?

भाग तीन गटांत वाटले की निर्णय सोपा होतो.

पहिला गट, मोडला तर गैरसोय होते. कपाटाची कडी, दिवा, टेबल. इथे काहीही चालतं.

दुसरा गट, मोडला तर सफर थांबते. पंप, इंजिनाचे भाग, विंच. इथे मूळ भाग किंवा तोडीस तोड पर्याय घ्यायचा आणि एक जास्तीचा बोटीवर ठेवायचा.

तिसरा गट, मोडला तर माणूस जातो. डोलकाठीला धरणाऱ्या तारा, त्यांचे टर्नबकल, पिना, तारा जिथे बोटीला जोडल्या जातात त्या चेनप्लेट, सुकाणू आणि त्याचा दांडा, कीलचे बोल्ट, तळाचे व्हॉल्व्ह. इथे नावनिशी असलेला, ताकद लिहून दिलेला मालच लागतो.

याचं कारण साधं आहे. बहुतेक बोटींची डोलकाठी स्वतःच्या बळावर उभी नसते. तारांनी चारी बाजूंनी ताणलेली असते म्हणून उभी असते. वाऱ्याच्या बाजूची एक पिन तुटली की तार सुटते, आणि तार सुटली की काही क्षणांत काठी खाली येते. तिच्याखाली माणसं बसलेली असतात.

या तारा बाहेरून चकचकीत दिसतात, आणि तिथेच फसायला होतं. स्टेनलेस स्टीलला न गंजण्यासाठी हवा लागते. तार जिथे टोकाच्या नळीत शिरते किंवा चेनप्लेट जिथे डेकच्या आत जाते तिथे ओल राहते आणि हवा पोहोचत नाही. गंज तिथे आतून सुरू होतो. म्हणून या तारा साधारण १० ते १५ वर्षांत बदलाव्यात असं मानलं जातं. मुंबई-गोव्यासारख्या उष्ण, खाऱ्या हवेत तपासणी त्याच्या कितीतरी आधीपासून सुरू करायला हवी. टोकाच्या नळीला केसाएवढी चीर किंवा तारेचा एक जरी धागा तुटलेला दिसला तर ती तार संपली. आणि एक तार गेली असेल तर तिच्याच वयाच्या बाकीच्याही त्याच रस्त्यावर असतात. म्हणून सेट एकदमच बदलतात.

आपल्या उदाहरणातला टर्नबकल याच गटातला. त्याच्या आट्यांची जाडी, आट्यांमधलं अंतर, दोन्ही टोकांच्या पिनांची जाडी आणि तारेची जाडी एवढी पाच मापं घेतली की तो कुठल्याही चांगल्या कंपनीचा मिळतो. बोटीचं नाव सांगायचीही गरज पडत नाही.

शर्यतीची बोट असेल तर नियम वेगळा

शर्यतीच्या बोटीत भाग नुसता मापात बसून चालत नाही, तो नियमातही बसावा लागतो. लेझर या एका माणसाच्या छोट्या बोटीचं उदाहरण बघा. ब्रूस कर्बी यांनी डिझाइन केलेली ही बोट १९९६ पासून ऑलिंपिकमध्ये आहे. भारताचे विष्णू सरवणन आणि नेत्रा कुमनन याच प्रकारच्या बोटीतून ऑलिंपिकमध्ये उतरले. या बोटीचे हुबेहूब नकली भाग स्वस्तात मिळतात आणि सरावाला चालतात. अधिकृत शर्यतीत मात्र मान्यताप्राप्त उत्पादकाचंच शीड आणि काठी लागते. ही बोट आणि तिचे भाग कुणी बनवायचे यावरूनच इतका वाद झाला की २०१९ मध्ये या वर्गाच्या संघटनेने लेझर हे नाव सोडून आयएलसीए हे नाव घेतलं. म्हणून मुलासाठी जुनी लेझर घेताना शीड सरावाचं आहे की शर्यतीला चालणारं, हे आधीच विचारावं.

कस्टम्सच्या पुस्तकात 'बोटीचा पार्ट' असा रकानाच नाही

पार्ट सापडला, पैसे भरले, पार्सल मुंबईत आलं. आता कस्टम्स.

जगभर वस्तूंना कर लावण्यासाठी क्रमांकांची एक समान पद्धत आहे. त्यातलं ८९ वं प्रकरण जहाजं आणि बोटींचं. शिडाची अख्खी बोट ८९०३ मध्ये येते. पण गाडीच्या पार्टना जसा स्वतंत्र क्रमांक आहे तसा बोटीच्या पार्टना या प्रकरणात नाही. प्रत्येक भाग तो ज्या वस्तूचा प्रकार आहे त्या क्रमांकात जातो. शीड कापडी वस्तूंच्या ६३०६ मध्ये, स्टीलची तार ७३१२ मध्ये, नांगर ७३१६ मध्ये, नट-बोल्ट ७३१८ मध्ये, पंप ८४१३ मध्ये, बोटीचा पंखा ८४८७ मध्ये, होकायंत्र ९०१४ मध्ये.

म्हणजे कस्टम्सही तेच सांगतं. बोटीचं नाव सोडा, वस्तू काय आहे ते बोला.

त्यामुळे बिलावर नुसतं 'यॉट पार्ट्स' लिहिलेलं असेल तर पार्सल अडकण्याची शक्यता वाढते. विक्रेत्याला सांगून प्रत्येक वस्तूचं नाव, धातू, संख्या आणि किंमत वेगळी लिहून घ्यायची. वैयक्तिक वापरासाठी आणलेल्या मालाला आयात-निर्यात कोड लागत नाही, पण कुरियर कंपनीला केवायसी द्यावं लागतं. वैयक्तिक वापरासाठी टपालाने किंवा विमानाने येणाऱ्या वस्तूंसाठी ९८०४ हा वेगळा क्रमांकही आहे. कुठल्या मार्गाने किती शुल्क पडेल हे ऑर्डर देण्याआधी कस्टम्स ब्रोकरला विचारलेलं बरं, कारण दर बजेटमध्ये बदलतात.

शुल्क फक्त वस्तूच्या किमतीवर लागत नाही. वाहतूक आणि विमा धरून जी रक्कम होते तिच्यावर लागतं. त्यामुळे पाच पार्सलं पाच वेळा मागवण्यापेक्षा यादी करून एकदाच मागवणं स्वस्त पडतं. धोक्याच्या वेळी पेटवायचे फ्लेअर, गॅसचे सिलिंडर, काही रंग आणि रेझिन विमानाने धोकादायक माल म्हणूनच जातात, साध्या कुरियरमध्ये घालता येत नाहीत. सॅटेलाइट फोन तर सरकारच्या परवानगीशिवाय आणायचाच नाही.

पावसाळा हाच बोटीचा दुरुस्तीचा हंगाम

मुंबईत शिडाच्या बोटींचा हंगाम साधारण ऑक्टोबर ते मे. पावसाळ्यात बोटी पाण्याबाहेर काढून ठेवतात. बरेच जण पावसाळा संपत आला की बोट उघडून बघतात, तेव्हा पार्टची आठवण होते. मग पार्सलची वाट बघण्यात दिवाळी जाते.

हिशेब उलटा करायला हवा. एप्रिल-मेमध्ये बोट चालू असतानाच यादी करायची, कारण काय गळतं, काय अडतं हे चालत्या बोटीवरच कळतं. जूनमध्ये बोट वर घेतली की मापं घ्यायची, फोटो काढायचे, ऑर्डर द्यायची. पार्ट येईपर्यंत ऑगस्ट उजाडतो. बसवायला आणि एखादा चुकीचा आलेला भाग बदलून घ्यायला सप्टेंबर हातात राहतो. जुना भाग मात्र नवा नीट बसेपर्यंत फेकायचा नाही. तोच तुमचा नमुना असतो.

शेवटचा पार्ट कुठे मिळतो?

निवृत्त कमांडर अभिलाष टॉमी ४ सप्टेंबर २०२२ ला फ्रान्समधून गोल्डन ग्लोब शर्यतीत निघाले. एकट्याने, न थांबता, बाहेरची मदत न घेता जगाला फेरी मारायची अशी ही शर्यत. त्यांची 'बायनात' ही बोट रस्टलर ३६ या ब्रिटिश बनावटीची. वाटेत वाऱ्यावर चालणाऱ्या सेल्फ-स्टिअरिंगचं पातं मोडलं, सोबत नेलेला साठाही संपला. तेव्हा त्यांनी बोटीतल्या टॉयलेटचं दार कापून नवं पातं बनवलं. २९ एप्रिल २०२३ ला ते दुसऱ्या क्रमांकाने पोहोचले.

ही गोष्ट अनेकदा जुगाडाची म्हणून सांगितली जाते. पण टॉमींना त्या पात्याचं माप माहिती होतं, त्याच्यावर किती ताण येतो हे माहिती होतं, कापायला हत्यारं बोटीवर होती आणि कोणत्या दारावाचून आपलं अडणार नाही हेही माहिती होतं.

जुन्या इम्पोर्टेड बोटीच्या मालकाला तेवढ्या टोकाला जायची वेळ सहसा येत नाही. त्याला एक वही पुरते. प्रत्येक भागाचं नाव, नंबर, माप, धातू आणि बसवल्याची तारीख लिहिलेली. ती वही भरलेली असेल तर बोट कुठल्या देशात जन्मली याने फारसा फरक पडत नाही.